ट्यूब फुटली, दोष कोणाचा?

रात्रीचे दोन वाजले असतील. बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला आणि घरातले सगळे उठून बसले. अम्मीने आधी गॅसचा सिलिंडर पाहिला. मी दाराकडे धावलो. रस्त्यावर शुकशुकाट होता. मग बैठकीच्या खोलीत दिवा लावला तेव्हा कळले, भिंतीला टेकवून ठेवलेल्या भाच्याच्या सायकलचे पुढचे चाक बसले होते. कोणी हात लावला नव्हता, कोणी तिच्यावर बसलेले नव्हते. संध्याकाळी हवा भरून ठेवलेली ट्यूब उभ्या जागी फुटली होती.

भाचा पुण्याहून आमच्या वाईच्या घरी सुट्टीला आला होता. पहाटे पसरणी घाट चढून पाचगणी गाठायची आणि तोच घाट उतरून परत यायचे, असा त्याचा बेत होता. फुटलेली ट्यूब हातात घेऊन तो म्हणाला, "मामू, महिन्याभरातली ही तिसरी. लेटेक्स ट्यूब म्हणजे नुसता बकवास माल आहे. उगीच पैसे घातले."

रोड बाइक चालवणाऱ्या अनेकांकडून मी हे वाक्य ऐकले आहे. लेटेक्सची ट्यूब महाग, नाजूक आणि बेभरवशाची, असा समज आता पक्का झाला आहे. मला तो मान्य नाही. मी सायकल दुकानदाराचा मुलगा आहे. अब्बांनी आयुष्यभर ट्यूब जोडल्या. त्यांचा एक नियम होता, ट्यूबला भोक कुणी पाडले ते सापडल्याशिवाय ठिगळ लावायचे नाही. टायर उघडला की ते आधी टायरच्या आतून आणि मग रिमच्या आतून बोट फिरवत. ट्यूबकडे सर्वांत शेवटी बघत. त्या रात्री मीही तेच केले. दोष ट्यूबचा नव्हता, चाकाचा होता. हवा भरल्यावर काही तासांतच तो बाहेर आला हे आमचे नशीब. सकाळी घाटाच्या उतारावर पुढचे चाक असे फुटले असते तर काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो.

लेटेक्स वेगळे का आहे?

आपल्या नेहमीच्या सायकलच्या काळ्या ट्यूब बहुतेक ब्युटाइल रबराच्या असतात. हे कारखान्यात बनलेले कृत्रिम रबर. 1937 साली अमेरिकेत त्याचा शोध लागला. हवा धरून ठेवणे हा त्याचा मोठा गुण. त्याआधी सायकलच्या ट्यूब नैसर्गिक रबराच्याच असत. लेटेक्सची ट्यूब त्याच घराण्यातली. रबराच्या झाडाच्या चिकापासून ती बनते. व्हिटोरियाची गुलाबी, मिशेलिनची हिरवी अशा रंगांवरून जाणकार ती लांबूनच ओळखतात. शर्यतीत धावणाऱ्यांच्या चिकटवायच्या ट्युब्युलर टायरच्या पोटातही वर्षानुवर्षे लेटेक्सच असे.

ती वापरायचे कारण सोपे आहे. लेटेक्स फार लवचीक असते. टायर रस्त्यावर दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ट्यूबही दबते आणि फुगते. लेटेक्समध्ये या हालचालीत ताकद कमी वाया जाते. दोन्ही चाकांचे मिळून काही वॉट वाचतात. वजनही कमी असते. साधी ब्युटाइल ट्यूब 100 ग्रॅमच्या आसपास, तर लेटेक्सची 60 ते 80 ग्रॅम. खडबडीत डांबरावर चाक जरा मऊ चालते. टोकदार वस्तू लागली तर लेटेक्स लगेच फाटत नाही, तिच्याभोवती ताणले जाते. म्हणजे जिला आपण नाजूक म्हणतो ती काही बाबतींत साध्या ट्यूबहून चिवट आहे.

पण हाच गुण तिच्या मुळावर येतो. जे ताणले जाते ते मिळेल त्या फटीत शिरते. ब्युटाइलची ट्यूब चाकातल्या लहानसहान चुका पोटात घालते. लेटेक्स एकही चूक माफ करत नाही. माझ्या मते लेटेक्सच्या बाबतीत एवढी एकच गोष्ट समजून घ्यायची आहे. बाकी सगळे उपाय याच गोष्टीतून निघतात.

भोक कुठे आहे ते बघा

फुटलेली ट्यूब रागाने फेकून देऊ नका. काय झाले ते तीच सांगते. भोक रिमकडच्या बाजूला असेल तर दोष रिमच्या आत आहे. रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काटा, काच किंवा टायरला पडलेली चीर. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर व्हॉल्व्हचे छिद्र किंवा त्याची चकती. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटले. लांबच लांब फाटली असेल आणि मोठा आवाज झाला असेल, तर बहुधा ट्यूब टायरच्या कडेखाली अडकली होती.

यासाठी एक सवय लावून घ्या. टायर बसवताना त्यावरचे कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणा. म्हणजे ट्यूबवरचे भोक टायरवर नेमके कुठे येते ते लगेच सापडते. अब्बा टायरवर खडूची खूण करायचे, ती याचसाठी.

भाच्याच्या ट्यूबचे भोक रिमकडच्या बाजूला होते. मी टायर पूर्ण काढला आणि रिमवर बोट फिरवले. रिमपट्टी अरुंद होती. एका बाजूला सरकून तिने स्पोकच्या दोन भोकांच्या कडा उघड्या टाकल्या होत्या.

रिमपट्टी: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

जरा हिशोब करू. 25 मिलिमीटरच्या टायरमध्ये 90 पीएसआय हवा भरली, तर दर चौरस सेंटिमीटरवर सहा किलोहून जास्त दाब येतो. रिममधले स्पोकचे भोक साधारण आठ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे प्रत्येक भोकावर ट्यूब तीन किलोहून अधिक जोराने दाबली जाते. चाकात अशी 20-24 भोके. तो जोर रात्रंदिवस चालू असतो, सायकल उभी असली तरी. पट्टी सैल असेल, फाटली असेल किंवा भोकात खचून तिचा खड्डा झाला असेल, तर लेटेक्स हळूहळू त्यात उतरते, पातळ होते आणि एका क्षणी फुटते. रात्री दोन वाजता झालेला आवाज तो हाच.

म्हणून लेटेक्सची ट्यूब घेण्याआधी रिमपट्टी बघा. पट्टी रिमच्या तळाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण झाकणारी हवी. पण टायरची कडा जिथे बसते तिथे ती चढता कामा नये, नाहीतर टायर नीट बसत नाही. टणक प्लास्टिकच्या पट्टीची कडच कधीकधी ट्यूब कापते. व्हेलॉक्ससारखी चिकट कापडी पट्टी किंवा ट्यूबलेससाठी मिळणारी घट्ट चिकटणारी टेप चांगली. लावताना ती ताणून, बुडबुडा न ठेवता बसवावी. जोड व्हॉल्व्हच्या छिद्राजवळ ठेवू नये. व्हॉल्व्हसाठी पट्टीला पाडलेले भोक स्वच्छ, गोल हवे. ब्लेडने फाडलेल्या भोकाचा एखादा कोपरा वर आला तर तोच ट्यूबला टोचतो.

पट्टी लावून झाली की त्यावर बोट फिरवा. बोटाला जे खुपते ते ट्यूबलाही खुपणार.

टायरच्या कडेखाली अडकलेली ट्यूब

लेटेक्स फुटण्याचे दुसरे मोठे कारण घाई आहे. ट्यूबचा एखादा पदर टायरची कडा आणि रिम यांच्या मधे अडकतो. हवा कमी असते तोवर काही कळत नाही. दाब वाढला की कडा उचलली जाते, ट्यूब बाहेर डोकावते आणि फुटते.

बसवायची पद्धत अशी. आधी ट्यूबला आणि टायरच्या आतल्या बाजूला थोडी टाल्कम पावडर लावा. हातावर झटकून उरेल इतकीच. त्यामुळे ट्यूब चिकटत नाही, सरकून आपल्या जागी बसते. ट्यूब गोल राहील एवढीच हवा भरा. टायरच्या बाहेर ती जास्त फुगवू नका. लेटेक्स बाहेर वेडेवाकडे फुगते, एका जागी फुगा येतो आणि तिथे ते कायमचे सैल पडते. टायरची दुसरी कडा चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग अंगठ्यांनीच चढवा, लिव्हर वापरू नका. टायर फारच घट्ट असेल तर दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या, म्हणजे ढील मिळते.

मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून पुन्हा ओढा. त्याच्या मुळाशी अडकलेली ट्यूब सुटते. यानंतर सगळ्यात महत्त्वाचे काम. चाक फिरवत, टायर दोन्ही हातांनी बाजूला दाबत, दोन्ही बाजूंनी संपूर्ण घेर तपासा. ट्यूबचा रंग कुठेही दिसता कामा नये. गुलाबी आणि हिरव्या रंगाचा इथे फायदा होतो, अडकलेला पदर चटकन दिसतो. 20-30 पीएसआय भरून पुन्हा तपासा, टायरची रेघ रिमला सगळीकडे समांतर आहे का बघा, आणि मगच पूर्ण हवा भरा.

एवढे करून सायकल एक रात्र तशीच ठेवा. फुटायची असेल तर घरात फुटू द्या. म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे, शर्यतीच्या किंवा बीआरएमच्या आदल्या रात्री लेटेक्स ट्यूब बसवायची नाही. चार-पाच दिवस आधी बसवा आणि जवळच एक फेरी मारून या.

व्हॉल्व्ह आणि टायर

व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूबवर सगळ्यात जास्त ओढ येते. जुन्या ट्यूबचा नाण्याएवढा गोल तुकडा कापा, त्याला मधे भोक पाडा आणि तो व्हॉल्व्हमधून खाली सरकवून ट्यूब आणि रिमच्या मधे ठेवा. फुकटचा उपाय आहे, पण ट्यूबचे आयुष्य वाढवतो. व्हॉल्व्हवरची चकती पान्याने आवळू नका. बोटाने सैलसर फिरवली तरी पुरे. पंप लावताना आणि काढताना व्हॉल्व्ह एका हाताने धरा.

टायरला चीर पडली असेल तर ब्युटाइल ट्यूब त्यावर बरेच दिवस निघून जाते. लेटेक्स त्या चिरेतून बाहेर यायला बघते. धाग्यापर्यंत कापलेला टायर लेटेक्ससाठी बाद समजा. आतून बोट फिरवताना मात्र जपून फिरवा, बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा बोटातही घुसतो. जुन्या फडक्याने पुसलेत तर त्याचे धागे जिथे अडकतील तिथे शोधा.

घाट, ब्रेक आणि कार्बन

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. माझ्या मते यावर वाद घालूच नये. तुमची रिम कार्बनची असेल आणि ब्रेक रिमवर लागणारे असतील, तर घाटात लेटेक्स वापरू नका.

पुन्हा हिशोब करू. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो. घाट उतरताना 500 मीटर खाली आलो तर सुमारे चार लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी सहज उकळेल. यातली काही हवेच्या अडथळ्यात जाते. पण जो घाबरत, सतत ब्रेक दाबून उतरतो त्याच्या बाबतीत बराच मोठा वाटा रिममध्ये जातो. अ‍ॅल्युमिनियमची रिम ही उष्णता पसरवते आणि हवेत सोडते. कार्बनमध्ये ती ब्रेकच्या पट्ट्यापाशीच साचते. पातळ लेटेक्स त्याला टेकलेले असते. अनेक चाक कंपन्या आपल्या कार्बन रिममध्ये लेटेक्स वापरू नका असे सांगतात, ते उगीच नाही. अ‍ॅल्युमिनियम रिमवरही ब्रेक सतत दाबून ठेवू नये. वळणाआधी जोरात दाबावा, मग सोडावा, पुढचा आणि मागचा आलटून पालटून. डिस्क ब्रेक असतील तर उष्णता रिमपर्यंत जात नाही, तिथे ही भीती नाही.

भाच्याची रिम कार्बनची होती, ब्रेक रिमवरचे. जुनी सायकल घेताना चाकांचा रुबाब बघितला, बाकी काही विचारले नाही. पट्टी बरोबर असती तरी ती ट्यूब त्या घाटासाठी नव्हतीच.

रोजची राखण

लेटेक्समधून हवा सतत झिरपते. एका रात्रीत 10 ते 20 पीएसआय उतरणे यात नवल काही नाही, ते पंक्चर नव्हे. म्हणून दरवेळी निघण्याआधी पंपाने दाब मोजून हवा भरावी लागते. ज्याला हे जमणार नाही त्याने लेटेक्सच्या वाटेला जाऊ नये. आठवडाभर उभी राहून बसलेली सायकल हवा न भरता ढकलत नेणे हा ट्यूब मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

तेल आणि ग्रीस हे नैसर्गिक रबराचे शत्रू आहेत. चेनला तेल लावलेल्या हाताने ट्यूबला हात लावू नका. राखीव ट्यूब उन्हात ठेवू नका. टायरच्या मापाचीच ट्यूब घ्या. रुंद टायरमध्ये ताणलेली लेटेक्स ट्यूब पुन्हा अरुंद टायरमध्ये घातली तर तिला घड्या पडतात आणि घडीवर ती फाटते. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे वाटेत वापरले असेल तर घरी येऊन साधी हवा भरा, कारण तो वायू लेटेक्समधून फार लवकर निघून जातो.

वाटेत बदलायची राखीव ट्यूब मात्र ब्युटाइलचीच ठेवा. रस्त्याच्या कडेला, घामेजल्या हातांनी, मागून ट्रक जात असताना लेटेक्स नीट बसत नाही. पंक्चर झालेली लेटेक्स ट्यूब घडी करून घरी आणा. जुन्या लेटेक्स ट्यूबचा गोल तुकडा आणि रबराचे सोल्युशन यांनी ती उत्तम जोडता येते. दोन्हीकडे पातळ थर द्या, पूर्ण सुकू द्या, मग दाबा. आपोआप चिकटणारे ठिगळ टाळा. ट्यूब ताणली जाते, ते ताणले जात नाही आणि कडेने सुटते.

मग एवढा उपद्व्याप कशासाठी?

काही मित्र म्हणतील, एवढे सगळे करण्यापेक्षा साधी ट्यूब काय वाईट? त्यांचे खरे आहे. कामावर जायला, दळण आणायला, मुलांना शाळेत सोडायला साधी ट्यूबच चांगली. काही वॉट वाचवून कोणाचा संसार चालत नाही. पण जो 200 किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांत पुरी करायला निघतो, त्याला प्रत्येक किलोमीटरला तो फरक जाणवू शकतो. त्याने लेटेक्स जरूर वापरावी. फक्त आधी चाक तपासावे.

माझी तक्रार विकणाऱ्यांकडेही आहे. हजार रुपयांच्या वर किंमत असलेली ट्यूब हातात ठेवताना गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारायला काय जाते? रिमपट्टी कशी आहे? ब्रेक कुठले आहेत? भाच्याला हे कोणी विचारले नाही. तिसरी ट्यूब आनंदाने विकली गेली.

आणि इथे मला अब्बांचे दुकान आठवते. आजकाल 'पंक्चरवाला' हा शब्द आमच्या समाजाला हिणवायला शिवीसारखा वापरला जातो. मला त्याचा राग येतो, पण लाज कधी वाटली नाही. अब्बा दिवसभर रिमवर बोट फिरवत, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे शोधत बसत. कोणाचे तरी चाक वाटेत बसू नये एवढ्यासाठी. तीन ट्यूब घालवून भाच्याला जे कळले नाही, ते अब्बांच्या सवयीने पाच मिनिटांत सापडले. हेही शिकावेच लागते, फक्त त्याची पदवी मिळत नाही. लाखाची सायकल घेणाऱ्या तरुणांनी आपल्या मोहल्ल्यातल्या पंक्चरवाल्याकडे एक दिवस बसावे. लेटेक्स त्याने कदाचित पाहिलेही नसेल. पण भोक का पडते ते त्याला माहीत असते.

त्या सकाळी भाचा घाटात गेला नाही. आम्ही दोघांनी अंगणात बसून जुनी पट्टी काढली, रिम पुसली, नवी कापडी पट्टी बसवली आणि दोन्ही चाकांत साध्या काळ्या ट्यूब घातल्या. पुढच्या रविवारी तो पसरणी घाट चढून उतरून आला. उरलेली एक आणि ठिगळ लावलेली एक अशा दोन लेटेक्स ट्यूब आता त्याच्या अ‍ॅल्युमिनियम रिमच्या दुसऱ्या चाकांत आहेत, सपाट रस्त्यासाठी. दर रविवारी हवा भरून तो निघतो. मला फोन करतो तेव्हा आधी हवेचा दाब सांगतो, मग किलोमीटर.